आवाज थांबला म्हणजे रोग बरा झाला का?

विद्यार्थी मित्रांनो, ताप आलेल्या मुलाच्या काखेतला तापमापक फोडून टाकला, तर त्याचा ताप उतरेल का? हा प्रश्न वाचून तुम्ही हसाल. पण मोटारीच्या एंजिनातून कसलासा चमत्कारिक आवाज येऊ लागला, की पुष्कळ शहाणीसुरती माणसे जवळजवळ असेच वागतात. कोणी दाट तेल ओततो. कोणी एकामागून एक सुटे भाग बदलत सुटतो. आवाज थांबला की सगळ्यांना हायसे वाटते. कारण सापडले का, हे मात्र कोणी विचारत नाही.

आवाज थांबवणे आणि आवाजाचे कारण शोधणे ही दोन अगदी निराळी कामे आहेत. पहिले काम कधी कधी चिमूटभर युक्तीने होते. दुसऱ्याला विज्ञान लागते. आणि हे विज्ञान प्रयोगशाळेतच सापडते असे नाही. ते रस्त्याकडेच्या एखाद्या साध्या गॅरेजातही सापडते. तिथल्या जाणत्या मिस्त्रीचे निदान हे विज्ञानच आहे आणि त्याला आपण ते मानाचे नाव दिले पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

जुनी मोटारच का?

नव्या मोटारीत संगणक असतो. काही बिघडले की समोरच्या फळीवर दिवा लागतो. जुन्या मोटारीत असे काही नाही. ती फक्त आवाज करते. म्हणून निदान कसे करावे हे शिकायला जुनी मोटार उत्तम.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात फियाट ११०० ही मोटार बनत असे. १९७४ साली तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने कित्येक वर्षे सेवा केली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. पण हौशी लोकांनी जतन केलेल्या खाजगी पद्मिनी आजही अधूनमधून रस्त्यावर दिसतात. तिचे एंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे. त्यात चार सिलिंडर, एक कार्ब्युरेटर आणि पट्ट्यावर फिरणारा पंखा. बॉनेट उघडले की जवळजवळ सगळे भाग डोळ्यांना दिसतात. लपवाछपवी फार कमी!

समजा, अशा एका पद्मिनीतून 'टक्-टक्-टक्' असा आवाज येतो आहे. चांगला मिस्त्री लगेच पान्हा हातात घेत नाही. तो आधी प्रश्न विचारतो. गाडी थंड असताना आवाज येतो, की तापल्यावर? उभ्या गाडीत येतो, की चालू गाडीत? चढावर वाढतो का? ॲक्सिलरेटर दाबला की आवाजाची गती वाढते का? यांतला एकही प्रश्न वायफळ नाही. प्रत्येक उत्तराने संशयितांच्या यादीतली काही नावे खोडली जातात.

आवाजाचे गणित

शेवटचा प्रश्न पाहा. एंजिनाची गती वाढली तसा आवाजही भरभर होऊ लागला, तर दोष एंजिनाशी जोडलेल्या एखाद्या फिरत्या भागात असला पाहिजे. गाडी उभी, एंजिन चालू, आणि तरीही आवाज नाही; पण गाडी पळू लागली की आवाज येतो. मग एंजिनाला दोष देण्यापूर्वी चाकांकडे पाहिलेले बरे.

याच्या पुढची पायरी अधिक गमतीची आहे. एंजिनाची चार आवर्तने तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकला आहात: शोषण, संपीडन, ज्वलन आणि उत्सर्जन. दट्ट्या दोनदा वर व दोनदा खाली जातो. तेवढ्या वेळात क्रँकदंडाचे दोन फेरे होतात, आणि प्रत्येक झडप मात्र एकदाच उघडते. म्हणून झडपा उघडणारा कॅमदंड क्रँकदंडाच्या निम्म्या गतीने फिरतो.

आता हिशोब करा. उभ्या गाडीत एंजिन मिनिटाला ७२० फेरे करते आहे असे समजू. म्हणजे सेकंदाला १२ फेरे. क्रँकदंडाच्या टोकाची कप्पी ढिली झाली असेल, तर ती फेऱ्यागणिक ठोका देईल, म्हणजे सेकंदाला १२ ठोके. एका झडपेच्या यंत्रणेतला दोष असेल, तर सेकंदाला ६ ठोके. आवाज तसाच 'टक्-टक्', पण लय दुप्पट किंवा निमपट!

सेकंदाला ६ आणि १२ ठोके नुसत्या कानाने कसे मोजायचे? मोजायची गरजच नाही. गॅरेजात टायमिंग लाइट नावाचा दिवा असतो. तो पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या तारेला जोडतात. त्या प्लगची ठिणगी दर दोन फेऱ्यांना एकदा पडते, आणि तेव्हाच दिवा लुकलुकतो. आवाज दिव्याच्या तालावर चालला असेल, तर तो निम्म्या गतीचा. एका लुकलुकण्यात दोन ठोके पडत असतील, तर तो पूर्ण गतीचा. ज्या आवर्तनांचे चित्र आपण परीक्षेत पाच गुणांसाठी काढतो, तेच चित्र इथे गुन्हेगार पकडायला मदत करते.

एका वेळी एकच बदल

लय कळली की प्रयोग सुरू होतो. इथला नियम विज्ञानाच्या प्रत्येक शाखेत चालतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते पाहायचे.

पहिला प्रयोग फॅनबेल्टचा. या एकाच पट्ट्यावर वीज निर्माण करणारा डायनॅमो, पाणी खेळवणारा पंप आणि त्यावरचा पंखा फिरतो. मिस्त्री पट्टा काढून टाकतो आणि एंजिन थोडाच वेळ चालवतो. थोडाच वेळ अशासाठी, की पंप थांबल्यामुळे एंजिन तापत जाते. आवाज नाहीसा झाला, तर दोष पट्ट्यात किंवा त्यावर फिरणाऱ्या भागांत आहे. आवाज तसाच राहिला, तर हे सगळे निर्दोष सुटले. पाच मिनिटांच्या कामात निम्मी यादी संपली!

दुसरा प्रयोग क्लचचा. गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे आणि घरघर ऐकू येते आहे. क्लचचे पायडल दाबा. घरघर दाबल्यावर सुरू होत असेल, तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर, कारण पायडल दाबले की त्यावर भार येतो. उलट, दाबल्यावर थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सवर, कारण पायडल दाबले की त्याच्या आत येणारा दंड एंजिनापासून सुटतो आणि थांबतो. एकही स्क्रू न काढता, केवळ पायाच्या दाबाने केलेला हा प्रयोग आहे.

तिसरा प्रयोग खोल, जड ठोक्यासाठी. मिस्त्री एकेका सिलिंडरच्या प्लगची तार आळीपाळीने निकामी करतो. समजा, तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी बंद केल्यावर ठोका एकदम मंदावला. याचा अर्थ काय? त्या सिलिंडरमध्ये ज्वलन झाले नाही, दट्ट्यावर जोराचा दाब पडला नाही, म्हणून त्याच्या दांड्याच्या झिजलेल्या बेअरिंगमधली फट आपटली नाही. तेव्हा दोष तिसऱ्या सिलिंडरच्या दट्ट्यात किंवा दांड्यात शोधायचा. मात्र हा प्रयोग तुम्ही करायचा नाही. प्लगच्या तारेत हजारो व्होल्टचा दाब असतो.

कधी कधी दोन संशयितांचे वागणे सारखे असते. थंड एंजिनात येणारा आणि तापल्यावर कमी होणारा आवाज झिजलेल्या सिलिंडरात डगडगणाऱ्या दट्ट्याचा असू शकतो. दट्ट्या तापून प्रसरण पावला की फट कमी होते. पण धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा जोड फुटका असेल, तर तोही तापल्यावर प्रसरण पावून गच्च बसतो आणि गप्प होतो! मग काय करायचे? आणखी पुरावा शोधायचा. फुटक्या जोडाभोवती काजळीचा काळा डाग पडतो. दट्ट्याच्या दोषात तो पडत नाही. एका पुराव्यावर निकाल देऊ नये, हे न्यायालयाइतकेच गॅरेजलाही लागू आहे.

मिस्त्रीचा स्टेथॉस्कोप

मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक एंजिनाच्या निरनिराळ्या जागी टेकवतो आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावून ऐकतो. बघणाऱ्याला हा जादूटोणा वाटतो. पण यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर पोलादात सुमारे ५००० मीटर. शिवाय धातूचे कंपन हवेत उतरताना त्यातला बराचसा भाग सीमेवरूनच परत फिरतो. पोलादाची दांडी ते कंपन थेट हाडापर्यंत आणते. त्यामुळे ज्या जागी टोक टेकले, तिथला आवाज ठळक ऐकू येतो आणि बाकीचा गोंगाट मागे पडतो.

१८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टराने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथॉस्कोप जन्माला आला. डॉक्टरच्या गळ्यातल्या नळीला आपण विद्वत्तेची खूण मानतो, आणि मिस्त्रीच्या हातातल्या दांडीला नुसती कारागिरी म्हणतो. हा भेद मला पटत नाही. ऐकायचे, अंदाज बांधायचा, तो तपासायचा आणि खोटा ठरला तर टाकून द्यायचा, हीच रीत दोघांची आहे.

गप्प केलेले एंजिन

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आवाज नुसताच थांबवला, तर काय बिघडते?

झडपेची यंत्रणा घ्या. झडपेचा दांडा आणि तिला दाबणारा हात यांमध्ये बारीकशी फट ठेवलेली असते, साधारण कागदाच्या एक-दोन पानांच्या जाडीची. ती वाढली की टॅपेटचा 'टिक्-टिक्' आवाज येतो. उतावळा माणूस फट पार बुजवून टाकतो. आवाज बंद! पण एंजिन तापले की झडपेचा दांडा प्रसरण पावतो, फट नसल्यामुळे झडप पूर्ण मिटत नाही, आणि जळते वायू तिच्या कडेने निसटून ती जाळून टाकतात. थोडी टिकटिक करणारी झडप वर्षानुवर्षे चालली असती. गप्प केलेली झडप लवकर जळते.

झिजलेल्या बेअरिंगचेही तसेच. जुनी गाडी विकण्यापूर्वी काही लोक त्यात दाट तेल भरतात. दाट तेलाचा थर फटीत गादीसारखे काम करतो आणि ठोका दबतो. घेणारा खूश होतो. पण झीज आतल्या आत चालूच राहते, आणि एखाद्या दिवशी भर घाटात दांडा तुटून एंजिनाचे कवच फोडतो. खोल ठोका आणि तेलाच्या दाबाचा लाल दिवा एकदम दिसले, तर एंजिन तत्काळ बंद करायचे असते. तो ठोका म्हणजे शेवटचा इशारा असतो, आणि तोच तेलाखाली दडपलेला असतो!

ही चूक काही गॅरेजपुरतीच घडते असे नाही. साऱ्या जगाने ती एकदा केली आहे.

पेट्रोल एंजिनावर भार आला की कधी कधी खडखड असा धातूसारखा आवाज येतो. ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम भडकते, तेव्हा हा आवाज होतो. १९१६ च्या सुमारास अमेरिकेतील डेटन येथे चार्ल्स केटरिंग आणि टॉमस मिजली हे या आवाजाच्या मागे लागले. केटरिंगला एका रानफुलाची आठवण झाली. त्याच्या पानांची मागची बाजू तांबूस असते, आणि ते बर्फातही लवकर फुलते. तांबडा रंग उष्णता शोषून घेत असेल का? इंधन तांबडे केले तर? मिजलीने हाताशी असलेले आयोडीन इंधनात मिसळले आणि काय आश्चर्य, आवाज कमी झाला!

इथे कोणी थांबले असते, तर 'तांबडा रंग आवाज थांबवतो' असा सिद्धान्त झाला असता. पण मिजलीने दुसरे तांबडे रंग घालून पाहिले. काही फरक पडला नाही. मग आयोडीनचे रंगहीन संयुग घातले, आवाज थांबला. म्हणजे रंगाचा काही संबंध नव्हता, आयोडीनचाच गुण होता. एका वेळी एकच बदल! हा भाग मला फार आवडतो. निदान असे करावे.

पण गोष्ट पुढे आहे. आयोडीन महाग होते आणि धातू खात होते. तेव्हा अनेक पदार्थ तपासून १९२१ च्या डिसेंबरात मिजलीला टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. त्याचा अगदी थोडा अंश पेट्रोलमध्ये घातला की खडखड थांबे. शिसे विषारी आहे हे तेव्हाही माहीत होते. १९२४ साली ते बनवणाऱ्या कारखान्यांत कामगार मरण पावले. मद्यार्क मिसळूनही खडखड कमी होते हेही ठाऊक होते. तरीही शिसे विकले गेले आणि जगभर मोटारींच्या धुरातून हवेत मिसळत राहिले. लहान मुलांच्या मेंदूची वाढ त्याने खुंटते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. एंजिनाचा आवाज थांबवला, पण त्याची पूर्ण किंमत कोणी मोजली नाही. ती मुलांनी मोजली.

दोष कोणाचा?

मग गॅरेजमध्ये भागामागून भाग बदलले जातात, तो दोष मिस्त्रीचाच का? मला तसे वाटत नाही. आपण गाडी घेऊन जातो आणि म्हणतो, "संध्याकाळपर्यंत पाहिजे." नवा वॉटर पंप बसवला, तर त्याचे पैसे मुकाट्याने देतो. पण मिस्त्रीने तासभर ऐकून, तपासून फक्त एक स्क्रू आवळला, तर म्हणतो, "एवढ्याशा कामाचे इतके पैसे?" आपण सुट्या भागाचे मोल देतो, विचाराचे देत नाही. मग विचार न करता भाग बदलण्याची सवय लागली, तर नवल ते काय!

काही जण म्हणतील, आता मोटारीत संगणक आला, कानाचे काम संपले. गंमत अशी, की त्या संगणकालाही ऐकावे लागते. पुष्कळ नव्या एंजिनांच्या कवचावर एक संवेदक बसवलेला असतो. वर सांगितलेली खडखड त्याला 'ऐकू' आली, की संगणक ठिणगीची वेळ थोडी पुढे ढकलतो. पण खडखड मुळात का झाली, हे तो सांगत नाही. पेट्रोल हलके होते, की आत काजळी साचली, की एंजिन फार तापले, हे शोधायला माणूसच लागतो. संगणक फार तर प्रश्नाचा क्रमांक देतो. उत्तर आपल्याला शोधावे लागते.

म्हणून मला वाटते, शाळेच्या प्रश्नपत्रिकेत चार आवर्तनांच्या आकृतीबरोबर असाही एक प्रश्न असावा: 'क्लच दाबल्यावर घरघर थांबते. यावरून कोणते अनुमान काढाल, आणि ते कसे तपासाल?' आणि असे प्रश्न शिकवायला एखाद्या मिस्त्रीला वर्षातून एकदा वर्गात बोलवावे. खडू त्याच्या हातात द्यावा आणि आपण खाली बसून ऐकावे.

करून पाहा

तोवर मोटारीच्या चालू एंजिनाजवळ हात नेऊ नका. पंखा, पट्टा आणि तापलेली नळी कोणाला ओळखत नाहीत. बंद खोलीत एंजिन तर कधीच चालवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. तुमच्या अभ्यासासाठी सायकल पुरेशी आहे.

तुमची सायकल 'टिक्-टिक्' करते का? उतारावर पायडल मारणे थांबवा. आवाज थांबला, तर दोष पायडल, त्याचा दांडा किंवा साखळी यांत असावा. चालूच राहिला, तर चाकांकडे पाहा. चाकाच्या टायरला खडूने खूण करा, सायकल उलटी ठेवा आणि चाक हळू फिरवा. आवाज फेऱ्याला एकदा येतो, की दोनदा? खूण कुठे असताना येतो? वहीत लिहा. मग एकच गोष्ट बदला आणि पुन्हा ऐका.

कारण सापडेपर्यंत तेलाच्या बुधलीला हात लावू नका. तेल घातल्याने आवाज कदाचित जाईल, पण त्याच्याबरोबर तुमचा पुरावाही जाईल.